मणक्यापर्यंत पोचलेला हात : सर व्हिक्टर हॉर्स्ले

मराठीत 'मान' दोन. एक ती, जी खांद्यावर असते; आणि एक तो, जो चारचौघांत मिळतो. पहिली ताठ असली की दुसरा मिळतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. गेल्या वर्षी आपल्या मंडळाची मूर्ती आणायला निघालो, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद गळ्यात पट्टा घालून टेम्पोच्या पुढे चालत होते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मानेच्या मणक्यांचे ऑपरेशन झाले होते. त्याआधी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटू लागला होता, सदऱ्याची बटणे लागत नव्हती, पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. आता ते झांजा वाजवत होते. मिरवणुकीत त्यांच्याकडे पाहताना मनात आले, मानेच्या आत, मज्जारज्जूपर्यंत हात घालायचे धाडस पहिल्यांदा कोणी केले असेल?

या प्रश्नाचे एका नावात उत्तर देता येत नाही. ग्लासगोच्या विल्यम मॅकेविन यांच्यासह अनेकांचा त्यात वाटा आहे. पण मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ नेमकी शोधून, ती काढून, रोग्याला पुन्हा चालता करण्याचा पहिला मान लंडनच्या सर व्हिक्टर हॉर्स्ले यांच्याकडे जातो. या माणसाच्या आयुष्याचा शेवट जिथे झाला, तिथे आपल्या बेळगावशी नाते सांगणाऱ्या मराठा पलटणींचेही रक्त सांडले आहे. म्हणून त्यांची ओळख या स्मरणिकेत करून द्यावीशी वाटली.

व्हिक्टर यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनमधल्या केन्सिंग्टन भागात झाला. आपल्याकडे सत्तावनचा उठाव पेटायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीची धाकटी मुलगी बीट्रिस जन्मली. त्या योगायोगामुळे राणीच्या नावावरून मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले गेले. घर कलावंतांचे होते. आजोबा संगीतकार. वडील जॉन कॉलकॉट हॉर्स्ले नामांकित चित्रकार. १८४३ साली छापून विकले गेलेले पहिले नाताळचे शुभेच्छापत्र त्यांच्याच हातचे. मामा सीमोर हेडन शल्यचिकित्सकही होते आणि उत्कीर्ण चित्रांसाठी प्रसिद्धही. अशा घरातल्या या मुलाला मात्र घोडदळात अधिकारी व्हायचे होते. ते जमले नाही आणि तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाकडे वळला. लष्कराचा गणवेश त्याच्या अंगावर चढला तो पुढे साठीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच गणवेशात त्याचा अंत झाला.

विद्यार्थिदशेपासूनच हा माणूस स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. भुलीच्या औषधाने मेंदूचे काय होते हे पाहण्यासाठी त्याने स्वतःवरच अनेकदा भूल घेतली. रोग्याला द्यायचे ते आधी आपण अनुभवावे, हा त्यामागचा साधा विचार. हा काळही शस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा होता. भूल येऊन चाळीसेक वर्षे झाली होती. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीमुळे जखमा पिकून माणसे मरण्याचे प्रमाण उतरू लागले होते. तरीही शल्यचिकित्सकाची सुरी हातापायांपुरती आणि फार तर पोटापुरती चाले. डोक्याची कवटी आणि पाठीचा कणा ही दोन दारे बहुतेकांसाठी बंदच होती.

ही दारे उघडण्याची किल्ली शल्यचिकित्सकांकडे नव्हतीच, ती मज्जातंतूंच्या वैद्यांकडे होती. मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो, मज्जारज्जूच्या कोणत्या पातळीवर बिघाड झाला की शरीरावर कुठून खाली बधिरपणा येतो, हे जॅक्सन, फेरियर, गॉवर्स यांच्यासारख्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून आणि प्रयोगशाळेत राबून उलगडले होते. नोव्हेंबर १८८४ मध्ये लिस्टर यांचे भाचे रिकमन गॉडली यांनी केवळ अशा लक्षणांवरून जागा ठरवून मेंदूतली गाठ काढली. ते पाहायला जमलेल्यांत तरुण हॉर्स्लेही होते. तो रोगी पुढे दगावला, पण वाट आहे हे दिसले होते.

हॉर्स्ले यांनी त्याआधीच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मोठे काम उभे केले होते. १८८४ मध्ये ते लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. माकडांची थायरॉइड ग्रंथी काढली तर शरीर सुजते, बुद्धी मंदावते, हालचाल थंडावते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे माणसांतल्या तशाच आजाराचे मूळ कळले. त्यांचे शिष्य जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला यशस्वी उपचार केला. आज आपल्या घराघरांत सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी थायरॉइडची बारीक गोळी याच वाटेने आली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावर पाश्चर यांनी शोधलेली लस खरी की खोटी, हे तपासायला ब्रिटिश सरकारने १८८६ मध्ये समिती नेमली. तिचे चिटणीस हॉर्स्लेच होते. पॅरिसला जाऊन त्यांनी काम पाहिले, परत येऊन प्रयोग करून खात्री केली आणि पाश्चर यांची बाजू उचलून धरली. कुत्र्यांना मुसके बांधण्याच्या सक्तीसाठी ते लोकांचा रोष पत्करून झगडले. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून तो रोग हद्दपार झाला.

१८८६ मध्येच लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या पक्षाघात आणि अपस्माराच्या राष्ट्रीय रुग्णालयात त्यांची सर्जन म्हणून नेमणूक झाली. वय अवघे एकोणतीस. २५ मे १८८६ रोजी त्यांनी तिथे अपस्माराच्या रोग्यावर मेंदूची पहिली शस्त्रक्रिया केली. त्या पहिल्या वर्षातल्या दहा शस्त्रक्रियांत एकच रोगी गेला. त्या काळाचा विचार करता हा आकडा थक्क करणारा आहे.

आता १८८७ च्या जून महिन्याकडे येऊ. गॉवर्स यांच्याकडे एक कॅप्टन रोगी म्हणून आले. बेचाळीस वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी पाठीत, डाव्या खवाट्याच्या खाली दुखू लागले होते. अनेक डॉक्टर झाले, अनेक निदाने झाली. दुखणे मनाचे असावे असेही काहींना वाटले. वेदना वाढतच गेल्या. मग पाय जड पडले, नंतर लुळे झाले, छातीपासून खालचा भाग बधिर झाला आणि लघवीवरचा ताबा गेला. गॉवर्स यांनी तपासून निष्कर्ष काढला, की मज्जारज्जूवर बाहेरून काहीतरी दाबते आहे. ते काढले तर आशा, नाही तर मरण अटळ. त्यांनी हॉर्स्ले यांना बोलावले.

ही अडचण नीट समजून घ्यायला हवी. तेव्हा क्ष-किरण नव्हते. ते १८९५ मध्ये आले. आज एमआरआयच्या एका चित्रात जे दिसते, ते तेव्हा फक्त रोग्याच्या कातडीवर टाचणी फिरवून, कुठे टोचलेले कळते आणि कुठे नाही यावरून अंदाजायचे होते. मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीत असतो, बोटाएवढा जाड. त्याच्या मागे प्रत्येक मणक्याची हाडाची कमान असते. पाठीमागून मधोमध छेद घ्यायचा, स्नायू दोन्ही बाजूंना सोडवायचे, कमानी काढायच्या आणि मग मज्जारज्जूवरचे आवरण उघडायचे. या रीतीला आज लॅमिनेक्टमी म्हणतात. कमान चुकीच्या मणक्याची निवडली तर सगळे कष्ट वाया.

९ जून १८८७ रोजी हॉर्स्ले यांनी छेद घेतला. ठरवलेल्या जागेच्या कमानी काढल्या, आवरण उघडले. गाठ दिसली नाही. आणखी हाड काढले, तरी नाही. शोध तिथेच थांबतो की काय अशी वेळ आली. मदतीला असलेले चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी एक कमान वर जायचा आग्रह धरला. हॉर्स्ले यांनी ते ऐकले, आणि तिथे, मज्जारज्जूला डावीकडून दाबून बसलेली बदामाएवढी गाठ सापडली. ती त्यांनी सोडवून बाहेर काढली.

गाठ अंदाजापेक्षा वर का निघाली, याचे कारण शरीररचनेत आहे. मज्जारज्जूतून निघालेल्या नसा लगेच बाहेर पडत नाहीत; त्या काही अंतर खाली उतरून मग मणक्यांच्या फटीतून निघतात. म्हणून बधिरपणाची रेघ जिथे दिसते, त्यापेक्षा मूळ दोष वर असतो. हा धडा त्या दिवशी पुढच्या साऱ्या सर्जनांसाठी कायमचा लिहिला गेला. मला मात्र दुसरा धडाही तितकाच मोठा वाटतो. शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी ऐनवेळी आपल्या मदतनिसाचे ऐकले. मोठेपणाच्या भरात हात आखडला असता, तर तो रोगी गेला असता आणि मणक्याची शस्त्रक्रिया कित्येक वर्षे मागे पडली असती.

कॅप्टन बरे झाले. पायांत हळूहळू बळ आले, वर्षभरात ते काठीशिवाय तीन मैल चालू लागले. १८८८ मध्ये गॉवर्स आणि हॉर्स्ले यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि जगभरच्या वैद्यांना कळले, की मज्जारज्जूच्या दाबाचा पक्षाघात म्हणजे नशिबाचा शेवटचा शब्द नव्हे.

ही गाठ पाठीच्या वरच्या भागात होती. मानेची गोष्ट याहून नाजूक. मानेत सात मणके. तिथल्या मज्जारज्जूतूनच हातांच्या नसा निघतात, आणि श्वास चालवणाऱ्या पडद्याची नसही तिथूनच उगम पावते. तिथे धक्का बसला तर दोन पाय नव्हे, चारही अवयव आणि श्वासही जाऊ शकतो. १८९२ मध्ये हॉर्स्ले यांच्याकडे असा एक वीस वर्षांचा तरुण आला, ज्याचे बळ अपघातानंतर हळूहळू ओसरत चालले होते. हॉर्स्ले यांनी मागून शिरून मानेच्या सहाव्या मणक्याची कमान काढली. मज्जारज्जूला समोरून हाडाचा एक आडवा उंचवटा दाबत होता. मागची भिंत गेल्यामुळे मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळाली आणि तरुण सुधारला. आज मानेच्या मणक्यांच्या झिजेवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा एक पूर्वज म्हणायला हरकत नाही.

यातूनच एक प्रश्न उभा राहतो. दाब समोरून आहे, मग मागून का जायचे? पण समोर श्वासनलिका, अन्ननलिका आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या. त्यांच्यातून वाट सापडायला आणखी साठ-एक वर्षे गेली. १९५० च्या दशकात बाल्टिमोरचे रॉबिन्सन आणि स्मिथ, तसेच होनोलुलूचे राल्फ क्लॉवर्ड यांनी ती वाट रुळवली. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, धमनी दुसऱ्या बाजूला हलकेच सारायची. त्यांच्यामध्ये निसर्गानेच ठेवलेली फट असते, तिच्यातून थेट मणक्यांच्या पुढच्या अंगापर्यंत पोचता येते. झिजलेली चकती काढून तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा. आता त्या जागी पिंजरे आणि प्लेटाही बसवतात. मागून जायचे की समोरून, हे आजचे सर्जन दाब कुठून आहे आणि किती मणक्यांवर आहे ते पाहून ठरवतात. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांची शस्त्रक्रिया समोरून झाली. गळ्याच्या वळीत लपलेला छोटासा व्रण ते कौतुकाने दाखवतात.

हॉर्स्ले यांचे हात आणखीही बऱ्याच ठिकाणी पोचले. हाड कापले की त्यातून झिरपणारे रक्त बांधता येत नाही. त्यावर त्यांनी मधमाश्यांचे मेण आणि बदामाचे तेल जंतुनाशकात मिसळून लेप केला. हे हाडाचे मेण थोड्याफार फरकाने आजही शस्त्रक्रियागृहात असते. रॉबर्ट क्लार्क यांच्याबरोबर १९०८ मध्ये त्यांनी मेंदूतल्या नेमक्या बिंदूपर्यंत सुई नेणारे मोजमापाचे यंत्र प्रसिद्ध केले. पुढे त्याच तत्त्वावर माणसांसाठी यंत्रे बनली.

पण हे चरित्र सांगताना त्यांना देवघरात बसवायचे नाही. ते अतिशय वेगाने शस्त्रक्रिया करीत. भूल आणि रक्तस्राव यांचे भय असलेल्या काळात वेग हा गुण होता, तरी त्याची दुसरी बाजूही होती. १९०० मध्ये अमेरिकेचे तरुण हार्वे कुशिंग शिकायला आले, त्यांची घाई पाहून अस्वस्थ झाले आणि परतून आपली संथ, काटेकोर पद्धत त्यांनी घडवली. पुढची पिढी त्या संथ वाटेनेच गेली. प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे प्राणिमित्रांनी हॉर्स्ले यांच्यावर कडाडून टीका केली. त्यांनीही तितक्याच कडक शब्दांत उत्तरे दिली. त्या प्राण्यांचे ऋण आपल्यावर आहे, हे थायरॉइडची गोळी घेताना विसरू नये.

१९०२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तिथे थांबून सुखाने पैसा मिळवता आला असता. ते राजकारणात पडले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून उभे राहिले. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना बळजबरीने अन्न भरवण्याचा एक वैद्य म्हणून निषेध केला. दारूविरुद्ध मोहीम चालवली. गरीब कामगारांच्या आरोग्यविम्याच्या १९११ च्या कायद्याला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांचे बहुतेक व्यवसायबंधू त्यांच्यावर उलटले. संसदेत जाण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. मान मिळवून देणारी वाट सोडून मान ताठ ठेवणारी वाट धरली की असे होतेच.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. सत्तावन वर्षांचे हॉर्स्ले लष्करी सेवेत दाखल झाले. आधी फ्रान्स, मग इजिप्त, आणि १९१६ मध्ये स्वतः मागून घेतलेली मेसोपोटेमियाची नेमणूक. आज त्या प्रदेशाला आपण इराक म्हणतो.

इथे आपले गाव या कथेत येते. मेसोपोटेमियात लढणारी सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीकाठच्या कूत गावात डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, ज्या पुढे बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. साताऱ्या-कोल्हापुरातल्या, कोकणातल्या शेतकऱ्यांची ती पोरे. उपासमारीने वेढा मोडला. २८ एप्रिल १९१६ रोजी इकडे आपल्या बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, तिकडे कूत पडले आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. गावागावांतल्या चावडीवर या महायुद्धाला गेलेल्यांची संख्या सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या अजून आहेत. वाचणारे उरले नाहीत.

वेढा फोडण्यासाठी झालेल्या लढायांतले जखमी, आणि कूतहून सोडलेले आजारी, नदीतून खाली अमारा आणि बसऱ्याकडे आणले जात होते. बोटी अपुऱ्या, औषधे अपुरी, सावली अपुरी. जखमी उघड्या पडावांवर दिवसेंदिवस पडून राहत. हॉर्स्ले यांनी हे पाहिले आणि ते गप्प बसले नाहीत. वरिष्ठांचे वाभाडे काढणारी पत्रे त्यांनी लिहिली. या हेळसांडीची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि त्याने साऱ्या ब्रिटनला हादरवले. ते पाहायला हॉर्स्ले नव्हते.

दारूला न शिवणाऱ्या माणसाला उन्हाचे भय नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. जुलैच्या त्या उन्हात अमारात ते पायी फिरत, रोगी पाहत. उष्माघाताने त्यांना गाठले. १६ जुलै १९१६ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ते गेले. पुरावा मागितल्याशिवाय काहीही न मानणाऱ्या माणसाने एक समज तपासायची राहून दिली, आणि तीच त्यांच्या जिवावर बेतली.

अमाराच्या लष्करी स्मशानभूमीत त्यांना पुरले. तिथल्या मातीतल्या क्षारांनी थडग्यांचे दगड खाऊन टाकले, म्हणून १९३३ मध्ये ते काढून नावे एका भिंतीवर कोरली गेली. त्या नदीकाठी आपल्या पलटणींचीही माणसे मातीला मिळाली आहेत. राज्यकर्त्यांच्या लढाईत दोघेही गेले. एकाचे नाव जगातल्या वैद्यकाच्या पुस्तकांत राहिले, दुसऱ्यांची फक्त संख्या गावच्या पाटीवर.

यंदा आरतीला उभे राहू, तेव्हा आमचे ते ज्येष्ठ सभासद झांजा घेऊन पहिल्या रांगेत असतील. गळ्यातला पट्टा आता गेला आहे. ते गजाननापुढे मान लववतील, तेव्हा त्या लवणाऱ्या मानेमागे असलेल्या अनेक हातांची आठवण आपण ठेवू. एक कमान आणखी वर जा म्हणणाऱ्याची, आणि ते ऐकणाऱ्याचीही.